चाक काढायचंय? आधी गाडी नीट उभी करा

जुलैतली रविवार सकाळ होती. माझी पल्सर मेन स्टँडवर होती, मागचं चाक हवेत, आणि ॲक्सलचा (चाकाच्या मधून जाणाऱ्या दांड्याचा) नट काही केल्या हलत नव्हता. पान्याचा दांडा खाली लोंबत होता. हाताने जमेना म्हणून मी तो पायाने पुढे ढकलायला लागलो. तिसऱ्या धक्क्याला नट सुटला, पण त्याच क्षणी गाडी चार बोटं पुढे सरकली, स्टँड मिटला आणि दीडशे किलोचं धूड माझ्या बाजूला कललं. उजवा हात सायलेन्सर आणि फरशीच्या मध्ये सापडला. हाड मोडलं नाही, पण दोन महिने मूठ नीट वळत नव्हती.

त्या दिवशी मला कळलं की चाक काढणं हे फारसं अवघड काम नाही. नट, बुश (ॲक्सलवर बसणारी छोटी नळी), चेन, ब्रेक हे सगळं एकदा नीट पाहिलं की समजतं. अवघड काम त्याच्या आधीचं आहे: गाडी अशी उभी करायची की आपण तिला ओढलं, ढकललं, ठोकलं, तिचा एक पाय काढून घेतला, तरी ती हलणार नाही. पंक्चरवाला पाच मिनिटांत चाक काढतो तेव्हा आपण त्याचे पाने बघतो, पण गाडी कुठे टेकली आहे आणि जोर कुठल्या दिशेला लावायचा हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. तेवढं आपल्याला शब्दांत मांडून शिकावं लागतं. हा लेख बहुतेक त्याबद्दलच आहे.

गाडीचं वजन कुठे असतं

मेन स्टँडवरची गाडी तीन ठिकाणी टेकलेली असते: स्टँडचे दोन पाय आणि एक चाक. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंजिनाचं वजन स्टँडच्या पुढे पडतं, म्हणून पुढचं चाक जमिनीला टेकतं आणि मागचं अधांतरी राहतं. मागचं चाक काढलं की मागची बाजू आणखी हलकी होते आणि पुढचं चाक अधिकच घट्ट टेकतं. म्हणजे मागच्या चाकाचं काम करताना वजन आपल्या बाजूने असतं. पुढचं चाक काढताना उलटं होतं. ज्याच्यावर गाडी टेकली आहे तोच पाय आपण काढून घेतो, म्हणून त्याच्या बदल्यात दुसरा टेकू आधी द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट स्टँडची. मेन स्टँड एकाच दिशेने मिटतो, गाडी पुढे गेली की. मागे ढकललं तर तो स्वतःच्या अडणीवर आणखी घट्ट बसतो. त्यामुळे गाडीला पुढच्या दिशेने लागणारा प्रत्येक जोर धोक्याचा. माझा पाय नेमका त्याच दिशेने जोर लावत होता.

तिसरी गोष्ट, दोन पायांमधलं अंतर जेमतेम दीड-दोन वीत असतं आणि गाडीचं वजन त्याच्या बरंच वर असतं. आडवा धक्का तिला फार सहन होत नाही. स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची, पल्सर १५० साधारण दीडशेची, आताची क्लासिक ३५० तर १९५ किलोची. कलायला लागलेली गाडी हाताने सावरता येईल, असं यातल्या एकीबद्दलही समजू नका. ती पडायला लागलीच तर सोडून द्या आणि बाजूला व्हा. आरसा आणि लिव्हर बाजारात मिळतात.

जागा

जमीन सपाट आणि कडक हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी निघून जावं म्हणून दिलेला उतार डोळ्यांना दिसत नाही. पाण्याने भरलेली बाटली आडवी ठेवून पाहा, घरंगळली तर जागा बदला. थोडा उतार टाळताच येत नसेल, तर गाडीचं तोंड चढाकडे ठेवा. उताराकडे तोंड असलेली गाडी स्वतःच्याच वजनाने स्टँडवरून पुढे उतरायला बघते.

अंगणातली माती वरून टणक दिसते, पण स्टँडचा पाय बारीक असतो आणि तासाभरात एका बाजूने खचतो. मे महिन्यातल्या दुपारी डांबरही असंच वागतं. ओल्या शहाबादी फरशीवर किंवा गुळगुळीत टाइल्सवर लोखंडी पाय सरकतो. पेव्हर ब्लॉकमध्ये एखादा डगमगता असतोच. या सगळ्यावर एकच उपाय मला पुरतो: १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा साधारण दोन फूट बाय दीड फूट तुकडा, आणि टाइल्स असतील तर त्याच्याखाली रबरी पायपुसणं. दोन्ही पाय एकाच तुकड्यावर आले पाहिजेत. एका पायाखाली एक तुकडा आणि दुसऱ्याखाली दुसरा असं करू नका.

या तुकड्याचा आणखी एक फायदा आहे. बऱ्याच गाड्यांत मेन स्टँडवर मागचं चाक जमिनीपासून दोन-तीन बोटंच वर असतं. ॲक्सल काढलं तरी चाक मडगार्ड आणि जमीन यांच्यात अडकून बसतं. दुकानात अशा वेळी एक जण गाडी डावीकडे कलती धरतो आणि दुसरा चाक ओढून घेतो. त्यांचा तो रोजचा सराव आहे. घरी, एकट्याने, हे करू नका. त्याऐवजी स्टँडखाली आधीच प्लायवूड असेल तर तेवढी उंची मिळते. तरीही अडलं तर टायरमधली हवा सोडा. दबलेला टायर बोटभर कमी जागेतून निघतो.

पावसाळ्यात छपराखाली आणि दिवसाउजेडी काम करा. लहान मुलं, कुत्रं, मांजर आसपास नकोत. आणि घरात कुणाला तरी सांगून ठेवा: "मी खाली गाडीचं चाक काढतोय, अर्ध्या तासाने एकदा डोकावून जा." पायात चपला नकोत, बूट घाला. स्टँडच्या पट्टीवरून पाय निसटला तर पहिला फटका नडगीला आणि अंगठ्याला बसतो.

गाडी जमिनीवर असतानाच जे करायचं

जे नट घट्ट असतात, ते गाडी उचलण्याच्या आधी अर्धा फेरा सैल करा. ॲक्सलचा नट, पुढच्या चाकाला ॲक्सल आवळून धरणारे खालचे बोल्ट असतील तर ते, आणि मागच्या ड्रम ब्रेकचा टॉर्क रॉड (ब्रेकचं झाकण अडवून धरणारी पट्टी). दोन्ही चाकं जमिनीवर आहेत, साइड स्टँड लागलाय, गिअर पहिल्यात आहे, अशा गाडीला तुम्ही हवा तेवढा जोर लावू शकता. नट फक्त मोकळा करायचा, काढायचा नाही.

तेव्हाही जोराची दिशा सांभाळा. पाना आडवा बसवा, जमिनीला समांतर, म्हणजे तुमचा जोर खाली किंवा वर जाईल, पुढे-मागे जाणार नाही. रिंग पाना किंवा सॉकेटच वापरा. फिक्स पाना सटकतो आणि मग बोटांची सालं निघतात, नटाचे कोपरे झिजतात ते वेगळंच. गंजलेल्या नटावर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. कोकणातल्या खाऱ्या हवेतल्या गाड्यांना तर हे हवंच.

नट सैल करण्यापूर्वी मोबाइलने दोन्ही बाजूंचे फोटो काढा: बुश कुठे आहे, वॉशर कुठल्या क्रमाने आहेत, चेन ॲडजस्टर (चेनचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू) कितव्या खुणेवर आहे. काम उलगडताना सगळं लक्षात आहे असं वाटतं, जोडताना हातात एक वॉशर उरतो.

मेन स्टँडवर घेणं

ताकदीने गाडी वर खेचणारे लोक पाठ दुखवून घेतात. मेन स्टँड ही तरफ आहे आणि तिला तुमचं अंगातलं वजन हवं असतं. दंडांची गरज फक्त तोल सांभाळायला.

गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहा. गिअर न्यूट्रल, किल्ली बंद, हँडल सरळ. डावा हात डाव्या मुठीवर, उजवा हात मागच्या ग्रॅब रेलवर किंवा सीटखाली त्यासाठीच दिलेल्या हँडलवर. गाडी सरळ उभी करा, साइड स्टँड वर घ्या, आणि उजव्या पायाने मेन स्टँडची पट्टी खाली दाबा. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागले की ते पायाला कळतं. गाडी थोडी डावी-उजवी हलवून पाहिली की टक-टक असा दोन्ही बाजूंनी आवाज येतो. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकच पाय टेकलेला असताना जोर दिला की गाडी पलीकडे जाते.

मग सगळं वजन त्या पायावर द्या, जणू पायरी चढताय. पाठ सरळ. उजवा हात गाडीला वर आणि मागे फक्त वाट दाखवतो. गाडी स्वतःहून मागे सरकून स्टँडवर चढते. क्लासिकसारखी वजनदार गाडी असेल किंवा तुमचं वजन कमी असेल, तर मागच्या चाकाखाली बोटभर जाडीची फळी घालून गाडी तिच्यावर घ्या आणि मग स्टँड लावा. चढायची उंची तेवढीच कमी होते आणि फरक चटकन जाणवतो. मात्र काम चालू करण्याआधी ती फळी काढून घ्या.

स्टँडला मिटू न देणं

याबद्दल फार कमी लोक बोलतात. मी मात्र हे केल्याशिवाय आता पान्याला हात लावत नाही.

सामान बांधायचा रुंद पट्टा घ्या, ओढून घट्ट करता येणारा. तो स्टँडच्या आडव्या दांड्याला गुंडाळा आणि पुढच्या बाजूला, इंजिनासमोरून उतरणाऱ्या फ्रेमच्या नळीला बांधून ताणा. चाकाला लावला तरी चालतं, पण पुढच्या चाकाचं काम नसेल तेव्हाच. आता स्टँडला मागे मिटायचं म्हटलं तर पट्टा त्याला धरून ठेवतो. पट्टा सायलेन्सरच्या गरम नळीला किंवा वायरिंगला घासत नाही ना, ते पाहा. सुतळी नको, ती ताणली जाऊन सैल पडते.

मागच्या चाकाचं काम असेल तर पुढचा ब्रेकही बांधून टाका. सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापून ब्रेक लिव्हर आणि मूठ एकत्र करकचून गुंडाळली की पुढचं चाक फिरत नाही. त्या चाकाच्या पुढे लाकडाचा एक गुटकाही लावा. पट्टा, ब्रेक, गुटका असे तीन अडसर झाले. त्यातला एक सुटला तरी दोन राहतात.

आता गाडीला हात लावून हलकेच पुढे-मागे, डावी-उजवी हलवा. जे काही घसरायचं असेल ते आत्ता घसरू द्या, हात चाकात असताना नको.

मागचं चाक

किल्ली काढून खिशात ठेवा. गिअर न्यूट्रलमध्ये.

ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक रॉडच्या टोकाचा नट काढा. रॉड मोकळा झाला की स्प्रिंग आणि छोटी गोल पिन गळून पडते. ती लगेच रॉडवर परत चढवून नट दोन आटे फिरवून ठेवा, हरवायची नाही. मग टॉर्क रॉड. ड्रमच्या झाकणापासून स्विंगआर्मपर्यंत (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्यापर्यंत) गेलेली ही साधी पट्टी आहे. तिच्या बोल्टला बहुधा नट निसटू नये म्हणून टोकं वाकवलेली स्प्लिट पिन असते, ती सरळ करून काढा. या पट्टीबद्दल पुढे पुन्हा बोलायचंच आहे.

त्यानंतर तुमची गाडी कुठल्या पद्धतीची आहे ते पाहा. स्प्लेंडरसारख्या अनेक प्रवासी गाड्यांत चेनच्या बाजूला दोन नट असतात: ॲक्सलचा नट आणि त्याच्या आत मोठा स्लीव्ह नट. मोठ्या नटाला हात न लावता फक्त ॲक्सल ओढून काढलं, तर स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) आणि चेन जागेवर राहतात आणि चाक एकटं बाहेर येतं. पंक्चर काढायला किंवा ब्रेक शू बदलायला एवढंच पुरतं, चेनच्या ताणाला धक्काही लागत नाही. ज्या गाड्यांत स्प्रॉकेट चाकाबरोबरच येतं, तिथे चेन ॲडजस्टर दोन्ही बाजूंनी सारखे फेरे मोजून सैल करा, चाक पुढे ढकला आणि चेन स्प्रॉकेटवरून उतरवा. चेन आणि दात यांच्यामध्ये बोट घालून चाक फिरवू नका. चाक थांबवून, चेन वरच्या बाजूने उचलून काढा.

ॲक्सल काढताना चाकाचं वजन त्याच्यावर असेल तर ते अडकतं आणि लोक हातोडी घेतात. चाकाखाली लाकडी फळी सरकवून चाक किंचित वर उचलून धरा, ॲक्सल हाताने येतं. ठोकावंच लागलं तर नट आट्यांच्या टोकाबरोबर येईल इतका चढवून ठेवा, मध्ये लाकूड धरा, आणि हलके ठोके द्या. आटे बसले की ते ॲक्सल गेलं. ठोके आडवे असतात आणि गाडीला आडवा धक्का सोसत नाही, हे विसरू नका. एक हात किंवा दुसरा माणूस गाडीवर असू द्या.

चाक निघालं की बुश आणि वॉशर वर्तमानपत्रावर, ज्या बाजूचे त्या बाजूला, निघाल्या क्रमाने मांडा. ड्रममधली काळी धूळ फुंकरीने उडवू नका. ती ब्रेक शूच्या झिजेची बारीक भुकटी असते, फुफ्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसून घ्या. स्प्रॉकेटच्या आतले हब रबर (चाकाच्या मध्यभागी, म्हणजे हबमध्ये, बसणारे धक्का शोषणारे तुकडे) चाचपून पाहा. कडक झालेले, तडकलेले असतील तर आत्ताच बदला, कारण गिअर टाकताना येणारा हिसका बऱ्याचदा तिथूनच येतो. बेअरिंगच्या आतल्या कडीत बोट घालून फिरवा. खरखर लागली किंवा अडखळत फिरली तर तिचे दिवस भरलेत.

बसवताना काढल्याच्या उलट्या क्रमाने चला. टायरवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने आहे ना ते बघा. ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरकं बसतं. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर दिलेला असतो; प्रवासी गाड्यांत तो बहुतेक २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास सापडेल. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

आणि आता तो टॉर्क रॉड. ब्रेक दाबला की शू ड्रमला धरतात आणि ड्रमबरोबर झाकणालाही फिरवायला बघतात. त्याला अडवणारी ही एकच पट्टी आहे. ती लावायची राहिली, किंवा बोल्ट नुसता हाताने आवळून सोडला, तर पहिल्या जोरदार ब्रेकला झाकण फिरतं, ब्रेक रॉड वाकतो आणि चाक रस्त्यावर जॅम होऊ शकतं. म्हणून बोल्ट आवळा, नवी स्प्लिट पिन घाला, तिची दोन्ही टोकं वाकवा, आणि हे केल्यावर त्या जागेचा फोटो काढा. फोटो काढायला गेलं की डोळा तिथे जातोच.

पुढचं चाक

इथे घाई नको, कारण टेकू बदलायचा आहे. मेन स्टँडवर गाडी, पट्टा ताणलेला, पण तो फ्रेमला, चाकाला नाही. मागचं चाक खाली आलं की त्याच्या पुढे-मागे गुटके आणि गिअर पहिल्यात.

इंजिनाच्या पुढच्या भागाखाली जॅक लावायचा. चारचाकीच्या डिकीतला कात्री जॅक यासाठी सोयीचा. बाटलीसारखा हायड्रॉलिक जॅक बहुतेक वेळा आत जातच नाही. पल्सर १५० च्या पोटाखाली जमिनीपासून १६५ मिलिमीटरच अंतर असतं, क्लासिकच्या १७०. जॅकखाली प्लायवूड, जॅकवर लाकडाचा जाड गुटका. इंजिनाखालून फ्रेमच्या नळ्या जात असतील तर त्या नळ्यांवर टेकवा. नळ्या नसतील, इंजिनच तळाशी असेल, तर मॅन्युअल पाहा आणि परवानगी असेल तर रुंद फळीवर भार पसरवून इंजिनाच्या सपाट भागावर घ्या. ऑइल काढायचा बोल्ट, ऑइल फिल्टरचं झाकण, सायलेन्सरची नळी आणि प्लास्टिकचं कव्हर यांच्यावर कधीही नाही.

जॅक फिरवायला लागलात की सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटेल. गाडी वर येतेय, पण पुढचं चाक जमिनीवरच आहे. कारण दबलेले फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन स्प्रिंगचे पाय, आधी ताणले जातात, मग चाक सुटतं. त्याच वेळी मागचं चाक खाली येऊन टेकतं. इथे थांबून बघा: स्टँडचे दोन्ही पाय अजून जमिनीवर घट्ट आहेत का? पायाखाली कागद सरकवून पाहा. कागद सरकला तर तुम्ही जास्त उचललंय, स्टँड अधांतरी व्हायला लागलाय. थोडं खाली घ्या. पुढचं चाक दोन-तीन बोटं मोकळं झालं की पुरे.

ग्रॅब रेलला वाळूची पिशवी बांधली तर मागची बाजू आणखी स्थिर होते. आणि जॅकच्या शेजारी, इंजिनाखाली, लाकडी गुटक्यांची दुसरी थप्पी जवळजवळ भिडेल अशी रचून ठेवा. जॅक घसरला तर गाडी बोटभर खाली येऊन थप्पीवर थांबेल. ओसरीवर झोपाळ्याच्या कड्या तुळईत पक्क्या बसवलेल्या असतील, तर तिथून एक पट्टा हँडलखालच्या फोर्कच्या जोडापर्यंत सैल न ठेवता बांधून ठेवावा. माझ्या आजोळी मी असंच करतो. पण तो फक्त राखणीला. कड्यांनी गाडी उचलू नये, आणि स्लॅबमधल्या पंख्याच्या हुकाला तर अजिबात काही बांधू नये.

डिस्क ब्रेक असेल तर चाक निघाल्याबरोबर दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड घडी किंवा लाकडाची पाचर घाला. चाक नसताना चुकून जरी ब्रेक दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि डिस्क परत आत जात नाही. म्हणून इथे लिव्हरला ट्यूबची पट्टी बांधायची नाही. डिस्कवर चाक आडवं टाकू नका. टायरवर उभं टेकवून ठेवा. जुन्या गाड्यांत हबला स्पीडोमीटरची केबल असते, बसवताना तिच्या डब्यातले दोन कान हबच्या खाचेत बसलेत ना ते बघा. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जॅम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर सेन्सरची वायर ताणू नका, सेन्सरच्या तोंडावर ग्रीस लागू देऊ नका.

चाक बसलं की ॲक्सल हाताने घट्ट करा, जॅक हळू उतरवा, गाडी स्टँडवरून खाली घ्या. पुढचा ब्रेक धरून हँडलवर वजन देत फोर्क तीन-चारदा दाबा, म्हणजे फोर्कचे दोन्ही पाय ॲक्सलवर आपापल्या जागी बसतात. त्यानंतरच खालचे बोल्ट आणि नट शेवटचे आवळा.

मेन स्टँड नसलेल्या गाड्या

ड्यूक, आर१५ आणि त्यांच्या जातीच्या गाड्यांना मेन स्टँड नसतो. यांच्यासाठी पॅडॉक स्टँड (गाडी उचलून धरणारा सुटा स्टँड) घ्या, दुसरा विचार नको. मागच्या स्टँडचे दोन प्रकार: स्विंगआर्मला लावलेल्या स्पूलखाली (बाहेर आलेल्या गोल खुंट्यांखाली) बसणारे व्ही आकाराचे हुक, आणि स्विंगआर्मखाली नुसते टेकणारे रबरी एल. स्पूल लावायची सोय असेल तर व्ही प्रकारच घ्या, तो घसरत नाही. स्पूलच्या बोल्टची जाडी गाडीप्रमाणे बदलते, म्हणून विकत घेताना गाडीचं मॉडेल सांगून घ्या.

पहिल्या दहा-बारा वेळा दोघांनी करा. एक जण हँडल धरून गाडी अगदी सरळ ठेवतो, दुसरा मागे वाकून दोन्ही हुक स्पूलखाली भिडवतो, दोन्हीकडे डोळ्यांनी खात्री करतो आणि स्टँडचा दांडा सावकाश जमिनीपर्यंत दाबतो. पुढचं चाकही उचलायचं असेल तर आधी मागचा स्टँड, मग पुढचा. उतरवताना आधी पुढचा, मग मागचा. फोर्कच्या खाली लागणारा पुढचा स्टँड चाक काढायला पुरतो, फोर्कच काढायचे असतील तर हँडलच्या मधल्या खांबाला खालून टेकणारा वेगळा लागतो. स्टँडवर असलेल्या गाडीवर बसू नका.

जे करू नका

विटा नकोत. भाजलेली वीट सरळ दाबाला बरी टिकते, पण जॅकच्या टोकासारख्या एका बिंदूवरचा भार आला की फुटते. सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर काहीही इशारा न देता कोसळतात. दगडांची उतरंड नको. लाकूड आधी करकरतं, मग चिरतं. बाजूला व्हायला वेळ मिळतो.

साइड स्टँडवर गाडी तिरकी ओढून मागचं चाक वर धरायचं आणि उजवीकडे काठीचा टेकू द्यायचा, ही युक्ती रस्त्यावर पुष्कळ दिसते. चाक तर लांबच, चेनला तेल द्यायलाही ती वापरू नका.

आणि सगळ्यात कळकळीने सांगायचं ते हे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी धुऊन, मेन स्टँडवर घेऊन, इंजिन चालू, पहिला गिअर, फिरत्या चेनला फडकं लावलेलं, हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल, कदाचित केलंही असेल. फडक्याचा एक धागा दातात सापडला की फडकं आत जातं आणि त्याच्या मागोमाग बोटं जातात. हात मागे घेण्याइतका वेळ मिळत नाही. चेनचं कुठलंही काम इंजिन बंद ठेवून, किल्ली खिशात ठेवून, चाक एका हाताने उलटं फिरवत करा, म्हणजे खालच्या बाजूची चेन स्प्रॉकेटपासून दूर जाते. घरातल्या पोरांनाही हेच शिकवा.

शेवटचं आवळणं

ॲक्सलचा नट किती आवळायचा तो आकडा मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरमध्ये असतो. टॉर्क पाना नसेल तर सामान तोलायचा हातातला ताणकाटा कामाला येतो. नटाच्या मध्यापासून ३० सेंटिमीटरवर पान्याला काटा अडकवून, पान्याशी काटकोनात, २० किलोच्या खुणेपर्यंत ओढलं की साधारण ५९ न्यूटन-मीटर होतात. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, त्या प्रमाणात ओढ कमी-जास्त करा. हेही दोन्ही चाकं जमिनीवर असतानाच, पाना आडवा ठेवून. मागचा नट आवळल्यावर चेनचा ढिलेपणा पुन्हा एकदा मोजा, आवळताना तो थोडा बदलतो.

मेन स्टँडवरून उतरवण्याआधी सगळे पट्टे, गुटके, ब्रेकवरची ट्यूबची पट्टी काढली का ते गाडीभोवती एक फेरी मारून बघा. मग डाव्या बाजूने, दोन्ही हात हँडलच्या मुठींवर ठेवून, गाडी पुढे ढकला आणि चाक टेकल्याबरोबर पुढचा ब्रेक धरा. डिस्कचं काम झालं असेल तर हे करण्याआधीच लिव्हर कडक होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबून घ्या. पॅड मागे गेलेले असतात आणि पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.

गल्लीतच, दहा-पंधराच्या वेगाने एक फेरी मारा. आधी मागचा ब्रेक, मग पुढचा. काही घासतंय का, हँडल एका बाजूला ओढतंय का ते ऐका. परत आल्यावर ड्रम किंवा हबला हाताची मागची बाजू जवळ नेऊन पाहा. थोड्याशा फेरीत एकच ड्रम तापला असेल तर ब्रेक आत घासतोय. साधारण ५० किलोमीटर चालवून झाल्यावर ॲक्सलचा नट आणि टॉर्क रॉडचा बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा.